पाच तासांपुढची मिनिटं

त्या शर्यतीत शिरायला तीन वाटा होत्या. पायांत वारं असेल तर वेळेच्या जोरावर, नशीब असेल तर सोडतीतून, आणि दोन्ही नसेल तर कुठल्यातरी सेवाभावी संस्थेच्या नावाने झोळी फिरवून. निवांतच्या पायांत वारं नव्हतं. सोडतीत तिने ओळीने सात वर्षं नाव घातलं आणि सातही वर्षं तिला तेच ‘क्षमस्व’चं पत्र आलं, खालची सही तेवढी बदललेली. आठव्या वर्षी तिने झोळी घेतली.

निवांत हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी सगळ्यांची ताटं उचलून झाली तरी हिचा घास तोंडातच असायचा. शाळेला निघताना हिच्या एका बुटाची नाडी बांधून होते न होते तोवर ताई फाटकाबाहेर पडलेली असायची. वडिलांनी कौतुकाने की वैतागून हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं. नवरा शाळेची बस चालवायचा. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, थांब्यावर वेळेत उभी असणारी आणि बस चुकणारी. बायको दुसऱ्या प्रकारातली निघाली हे त्याने सव्वीस वर्षांपूर्वीच पदरात घेतलं होतं.

एका जागी मात्र तिचा हळूपणा नुसता चालायचाच नाही, तर लागायचा. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची, प्लास्टरकाका त्यांचे पांढरे साचे ओतायचे, आणि त्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवायचं काम निवांतचं. छोट्या ज्योतीवर सुरी गरम करायची, मेण वितळवायचं, दात टेकवायचा, बघायचं, जरासा कलता करायचा, पुन्हा बघायचं. दात केसभर इकडे-तिकडे झाला तर तिकडे कुणीतरी आयुष्यभर प्रत्येक घासाला गाल चावत बसतो. दिवसाला दोन कवळ्या व्हायच्या तिच्या हातून, फार तर अडीच. मालक कपाळावर हात मारून घ्यायचे, पण तिची कवळी कधी दुरुस्तीला परत आली नव्हती, म्हणून गप्प बसायचे.

धावायला ती लागली चव्वेचाळिसाव्या वर्षी. दिवसभर बसून पाठ धरली होती, डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून चालायला लागली, आणि एका सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर आपण चालत नसून धावतोय हे तिच्या लक्षात आलं. बघायला कुणी नव्हतं. फाटकापाशी कुणी ताटकळत उभं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट ती कुणालाही न खोळंबवता करत होती, आणि तिला ते फार आवडलं.

ताईला सांगितल्यावर ताई म्हणाली, "अरे वा, छान. गुडघे सांभाळ." ताई ही मोठी शर्यत अकरा वर्षं धावत होती. सुरुवातीच्या रेषेमागच्या पहिल्याच कप्प्यात, पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत. झोळीच्या वाटेने प्रवेश मिळाल्याचं निवांतने ताईला फोनवर कळवलं.

"म्हणजे मागच्या दाराने," ताई म्हणाली.

"दारच आहे ना ताई. भिंत तर नाही फोडली."

"तसं नाही गं. पण लोक वर्षानुवर्षं घाम गाळतात तिथे यायला."

"मग मी काय गाळते? गुलाबपाणी?"

ताई हसली, पण तिला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. फोन ठेवल्यावर निवांतने एकटीनेच स्वयंपाकघरात तिला आणखी चार उत्तरं दिली, सगळी पहिल्यापेक्षा चांगली.

ज्या संस्थेसाठी ती धावणार होती ते एक रुग्णसाहित्य केंद्र होतं. तळमजल्यावरचा लांबट हॉल, रबर आणि जंतुनाशकाचा वास, आणि भिंतीला लावून ठेवलेले वॉकर, कुबड्या, घडीचे पलंग, चाकाच्या खुर्च्या. लागेल त्याने न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. केंद्र चालवणाऱ्या बाई अर्ध्या वाक्यात दोन फोन घ्यायच्या. त्यांना यंदा एकच गोष्ट हवी होती, जिना उतरणारी खुर्ची. माणसाला बसवायचं, पट्टे आवळायचे, आणि ती खुर्ची आपल्या रबरी पट्ट्यावर एकेक पायरी करत त्याला खाली आणते, वरही नेते. यादीत पहिलं नाव पोस्टमनकाकांचं होतं. लॅबच्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही, कंबर गेलेली, चौदा महिने खाली उतरले नव्हते.

आता पैसे मागणं. ज्याने कधी मागितले नाहीत त्याने यावर बोलू नये. निवांत सहा आठवडे फॉर्म घेऊन फिरली आणि तिच्या नाकी नऊ आले. नवऱ्याच्या डेपोत सगळ्यांनी "वा, वहिनी" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि तिघांनी पैसे दिले. शेजारच्या बाईंनी विचारलं की धावायचं तुम्ही, मजा तुम्हाला, मग पैसे आम्ही का? या प्रश्नाला खरंतर उत्तर नव्हतं, आणि म्हणूनच तो तिला जास्त झोंबला. एक दातांचे डॉक्टर तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू," आणि त्यांच्या पुढच्या महिन्याच्या चार कवळ्या तेव्हा तिच्याच टेबलावर होत्या. सहा आठवड्यांत जेमतेम एक तृतीयांश जमलं.

मग लॅबमधली ती जेवणाची सुट्टी आली.

"बघू तो कागद," मालक म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. फॉर्मवर ‘दर किलोमीटरमागे’ असं छापलेलं होतं. मालकांनी त्यातल्या किलोमीटरवर काट मारली. "हे बघ निवांत, किलोमीटर काय, सगळ्यांचे सारखेच. तुझी खरी ताकद वेगळी आहे. पाच तासांत तर माझा मेहुणासुद्धा पोचेल, आणि त्याचं पोट तू पाहिलंयस. पाच तासांच्या पुढे तुला जितकी मिनिटं लागतील, त्या दर मिनिटामागे मी पैसे देतो. जितकी निवांत येशील तितके जास्त."

पॉलिशवालीने हसण्यासाठी मशीन बंद केलं. प्लास्टरकाकांना ठसका लागला.

निवांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी शहाणं माणूस डबा बंद करून उठतं. पण तिने काय करावं? "लिहा," ती म्हणाली. "सगळेच लिहा. होऊन जाऊ दे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्यांनी लिहिलं. मालकांनी तो फॉर्म तयार कवळ्यांच्या डब्यांबरोबर दवाखान्यांत फिरवला, आणि जे डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार होते त्यांनी त्याच दुपारी सही केली. त्यांच्या स्वागतकक्षातल्या मुलींनी केली. नवऱ्याच्या डेपोत तर रांग लागली. तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या म्हाताऱ्यासाठी ज्यांचा हात खिशात गेला नव्हता, त्यांचा हात निवांतच्या फजितीसाठी सैल सुटला. मालकांनी तर तिच्यासाठी स्पंजची भलीमोठी दाढ शिवून घ्यायचीही तयारी दाखवली, ती अंगात घालून धावली असती तर आणखी वीसेक मिनिटं नक्की वाढली असती.

आठवड्याने केंद्राच्या बाईंचा फोन आला. आवाज नुसता फुलला होता.

"अहो, मी सगळी बेरीज केली. तुम्ही पाच तासांच्या पुढे साठ मिनिटं घेतलीत ना, की आपली खुर्ची आली! म्हणजे सहा तास. आणि साडेसहा तासांनी ते रस्ता वाहनांना उघडतात, तर त्याच्या आत. अगदी तुमच्या बेताचं आहे."

"माझ्या बेताचं म्हणजे?"

"म्हणजे... त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, मी हळू धावते म्हणून. फॉर्मवर मी एक ओळ टाकलीये हं, ‘प्रमाणपत्रावरील अधिकृत वेळेप्रमाणे’, म्हणजे नंतर कुणाची कटकट नको. मी खुर्ची सांगूनसुद्धा ठेवलीये."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण बाईंवर रागावायचं तरी कसं? त्या काही वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे यादी होती आणि यादीत माणसं होती. निवांतने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसली.

कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्या शर्यतीचा नियम होता की पन्नाशीपुढच्या बाईने साडेपाच तासांच्या आत शेवट गाठला, तर पुढच्या वर्षापासून तिला स्वतःच्या नावावर प्रवेश. ना सोडत, ना झोळी, ना मागचं दार. निवांत एक्कावन्न वर्षांची होती. पाच महिने ती पहाटे नदीकाठी मरमर मरत होती, आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ सांगत होतं की जमेल. अगदी काठावर, पण जमेल. तिला ताईच्या पुढे जायचं नव्हतं. फक्त एकदा, कुणाचीही चिठ्ठी न आणता, पुढच्या दाराने आत जायचं होतं. आणि आता त्या दारात अख्खी लॅब, अख्खा डेपो आणि एक जिना उतरणारी खुर्ची आडवी उभी होती.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पोस्टमनकाकांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. त्यांची सून कामावर असायची, म्हणून जोडलेली कवळी द्यायला निवांतच गेली. अठ्ठावन्न पायऱ्या होत्या. काका खिडकीपाशी बसले होते. कवळी बसवून त्यांनी दोनदा टकटक दात वाजवून पाहिले.

"पक्की आहे," ते म्हणाले. "तू धावायला जातेस ना? पहाटे या रस्त्याने जातेस ती बघतो मी. मागच्या वर्षापेक्षा पाय पटापट पडायला लागलेत तुझे."

पाच महिन्यांत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. घरात नाही, लॅबमध्ये नाही. तिने त्यांना सांगून टाकलं, साडेपाच तासांचं, स्वतःच्या नावाचं, सगळं. त्या मिनिटांचं तेवढं सांगितलं नाही.

"मग जोरात धाव की," काका म्हणाले. "मी पत्रं वाटली तेव्हा सगळे म्हणायचे, सावकाश हो, घाई काय. ज्याचं पत्र असतं त्याला विचारा म्हणावं. रेंगाळलीस तर माझ्याशी गाठ आहे."

"काका, खाली उतरलात की पहिलं काय करणार?"

"रस्ता ओलांडणार."

"आणि मग?"

"मग परत येणार. बाई म्हणाल्या, शर्यत झाली की खुर्ची येते." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुझी शर्यत झाली की माझी."

त्या अठ्ठावन्न पायऱ्या उतरताना निवांतला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. अख्ख्या गावात तिला जोरात धाव म्हणणारा एकच माणूस भेटावा, आणि ती जोरात धावली तर फटका बसणाराही नेमका तोच असावा!

शर्यतीच्या दिवशी सात वाजता बंदूक उडाली. ताई वगैरे मंडळी निघून गेली. संस्थांसाठी धावणाऱ्यांचा कप्पा सगळ्यात शेवटी, फिरत्या संडासांच्याही मागे. तिथे निवांत एक केळ्याच्या पोशाखातला माणूस आणि एक ढोल गळ्यात अडकवलेली बाई यांच्यामध्ये उभी होती. मुंगीच्या पावलांनी सरकत सरकत सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायला तिला अडतीस मिनिटं लागली. रेषेवरच्या पट्टीवर पाय पडला, बुटाला बांधलेली चिप टुणकन वाजली, आणि तिने मनगटावरचं घड्याळ सुरू केलं. आजवर धावलेल्या सगळ्या छोट्या शर्यतींत हेच तर होतं, चिप वाजली की तुझी वेळ सुरू.

पहिले वीस किलोमीटर ठरवल्याप्रमाणे गेले. पंचविसाव्याला पोटऱ्या बोलायला लागल्या. एकतिसाव्याला पाण्याच्या टेबलापाशी तिने खिशातला फोन पाहिला, तर मालकांचा निरोप होता, ‘शर्यतीच्या नकाशावर तुझा ठिपका दिसतोय. एवढी घाई कसली?’ आणि त्याखाली बाईंचा, ‘दमू नका. जपून या. आमचं सगळं लक्ष तुमच्याकडे.’

ती चालायला लागली. खरंच चालायला लागली, दोन मिनिटं. काय बिघडतं, तिने स्वतःला विचारलं. अर्धा तास रमतगमत चालायचं, आणि एक म्हातारा माणूस रस्ता ओलांडतो. एका बाजूला माझी हौस, दुसऱ्या बाजूला त्याचे पाय. यात विचार करण्यासारखं आहे काय?

आणि मग तिच्या आत काहीतरी उसळलं. पन्नास वर्षं हळू म्हणून हसलात, आणि आता मी हळू नाहीये तर हळूच ये म्हणून पैसे मोजताय? खुर्चीसाठी मी पुन्हा दारोदार फिरेन. पुन्हा सहा आठवडे, पुन्हा त्या शेजारणीचा प्रश्न, पुन्हा सगळं. पण ही मिनिटं माझी आहेत. तिने फोन खिशात कोंबला आणि पळाली. सदतिसाव्याला उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं ते तिला कळलं, पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. ढोलवाली केव्हाच मागे पडली होती. एकेचाळिसाव्याला तिने केळ्याला मागे टाकलं.

शेवटच्या रेषेवर डोक्यावर मोठं घड्याळ होतं, त्यात सहा तास पाच मिनिटं. निवांत त्याच्याकडे बघून हसली. तिच्या मनगटावर पाच सत्तावीस होते. पाच तास सत्तावीस मिनिटं! तिने दोन्ही हात वर केले आणि तिला स्वतःचीच लाज वाटून ते लगेच खाली घेतले.

ताई कपडे बदलून, केस विंचरून कठड्यापाशी उभी होती. "सहा-पाच," ती म्हणाली आणि तिने निवांतला जवळ घेतलं. "चला, पुरी तरी केलीस."

"पाच सत्तावीस." निवांतने मनगट तिच्या नाकासमोर धरलं. "पुढच्या वर्षी मी माझ्या नावावर येणार, ताई. झोळी बंद."

ताईचा चेहरा पडला. हे मात्र सांगायला हवं, ती खूश झाली नाही. तिला खरंच वाईट वाटलं. "अगं," ती म्हणाली, "ती चिपची वेळ. पुढच्या वर्षासाठी बंदुकीपासूनची धरतात. अधिकृत तीच. नियमावलीत आहे ना, चौथ्या पानावर."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू मला विचारलंस कुठे? तुला हे हवंय हेच मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "आणि खरं सांगू का, माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. आम्हाला पुढे दोन्ही सारखीच असतात."

बरोबरच होतं. बंदुकीच्या नाकासमोर उभं राहणाऱ्याला दोन घड्याळं असतात हे कळणार कसं? ते कळतं फक्त संडासांच्या मागे उभं असणाऱ्याला, आणि तेही उशिराच. निवांतने नियमावली तीनदा वाचली होती. साडेपाच तास हे शब्द दिसले की ती तिथेच थांबायची.

समोरच्या टेबलावर प्रमाणपत्रं छापून देत होते. तिच्या कागदावर ठळक अक्षरांत ‘अधिकृत वेळ’ होती, सहा तास पाच मिनिटं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चिपची, पाच सत्तावीस. तिने त्याची चार घड्यांची पुडी केली आणि बॅगेच्या तळाशी टाकली. शर्यतीचं दार बंद, आणि लोक ठिपका बघत होते, ठिपका चिपचा, म्हणजे ते सत्तावीसच मिनिटांचे पैसे देणार. खुर्चीही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. घरी नवऱ्याने काही न विचारता कोमट पाण्याची बादली आणून ठेवली, आणि ती त्यात पाय सोडून बसली ती पाणी गार होईपर्यंत.

सोमवारी ती लॅबमध्ये लंगडत शिरली, तर मालक मधोमध उभे. हातात फोन, चेहऱ्यावर दिवाळखोरीतून वाचल्याचा आनंद.

"पाच सत्तावीस!" ते ओरडले. "अरे ऐका! आपली निवांत पाच तास सत्तावीस मिनिटांत आली! मी इथे तासाभराची तयारी ठेवून बसलो होतो, आणि ही बाई वाऱ्यासारखी धावली!"

पॉलिशवालीने मशीन बंद केलं आणि येऊन तिला मिठी मारली. "कमाल केलीस गं! माझा नवरासुद्धा नाही धावणार." प्लास्टरकाकांनी पांढरे हात एप्रनला पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. थट्टेच्या नव्हेत, खऱ्या टाळ्या.

"आजपासून हिला निवांत म्हणायचं नाही," मालक म्हणाले. "बंद. दुसरं नाव शोधा."

निवांत आपल्या टेबलाला हात टेकून उभी होती. या टाळ्यांसाठी ती आयुष्यभर थांबली होती, हे तिला त्या टाळ्या ऐकू येईपर्यंत माहीत नव्हतं. फाटकापाशी उभ्या असलेल्या ताईपासून ते नवऱ्याच्या बसच्या भोंग्यापर्यंत, सगळ्यांना हे ऐकू जावं असं तिला वाटलं. आणि करायचं काही नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

तिची नजर खिडकीबाहेर गेली. समोर तिसऱ्या मजल्यावर पोस्टमनकाका बसलेले दिसत होते. त्यांनी तिला बघून हात वर केला. नोटीसबोर्डावर फॉर्मची प्रत होती, मालकांनीच लावलेली, आणि तळाशी बाईंची ती ओळ.

तिने टाळ्या पुरत्या संपू दिल्या. एकही आधी थांबवली नाही. मग बॅगेच्या तळातून ती पुडी काढली, घड्या उलगडल्या आणि कागद मालकांपुढे धरला.

"मालक, वरचा आकडा वाचा."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय? हे सहा-पाच कुठून आलं?"

"अधिकृत आहे. फॉर्मवर अधिकृतच लिहिलंय. पासष्ट मिनिटं होतात पाच तासांपुढची."

"अगं पण तू तेवढा वेळ धावलीसच नाहीस!" मालकांचा आवाज चढला. "सुरुवातीला नुसती उभी होतीस ना तू? उभं राहणं म्हणजे काय धावणं? पाच सत्तावीस, इथे खाली स्पष्ट लिहिलंय! तू वेगात धावलीस बाई, कबूल कर की! सांगा रे हिला कुणीतरी!"

"वेगातच धावली ती," पॉलिशवाली म्हणाली. प्लास्टरकाकांनी मान डोलावली.

उभ्या जन्मात तिच्या वेगासाठी कुणी असं भांडलं नव्हतं. "नाही," निवांत म्हणाली, "मला सहा तास पाच मिनिटं लागली. छापून दिलंय त्यांनी."

मालक टेबलाशी बसले, खण उघडला, चेकबुक काढलं. बाकीच्यांनीही एकेक करून पाकिटं शोधायला सुरुवात केली. निवांतने आपल्या जागेवर बसून ज्योत पेटवली, सुरी तापवली, आणि साच्यावर टेकवायचा दात हातात घेतला. दोनेक मिनिटं तिला तो नीट दिसेना.

"सहा तास पाच मिनिटं," मालक सही करता करता पुटपुटले. "इतका वेळ लागतो का कुणाला, निवांत?"

"लागतो," ती म्हणाली. "मला लागतो."